मोरचुदात अमोनिया घालताना

अकरावी-बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये निळा क्षार वाट्याला आला की विद्यार्थी खूश होतो. तांबं ओळखायला सोपं. अमोनिया घातला, आधी फिकट निळा अवक्षेप आला, जास्त अमोनियात तो विरघळून गर्द निळं द्रावण झालं; वहीत एवढं लिहिलं की गुण मिळतात. अडचण अशी की परीक्षानळी नेहमी वहीप्रमाणे वागत नाही. एकाला अवक्षेप दिसतच नाही, पहिल्या काही थेंबांतच द्रावण गर्द निळं होतं. दुसऱ्याचा अवक्षेप निळ्यापेक्षा हिरवट दिसतो. तिसरा थेंबामागून थेंब घालत राहतो, तरी नळी काही स्वच्छ होत नाही. मग तिघंही शेजाऱ्याच्या वहीतलं निरीक्षण उतरवतात. खरं तर या तिन्ही नळ्यांत रसायनशास्त्र बिनचूक चाललेलं असतं आणि पाठ्यपुस्तकातल्या सरळ नळीपेक्षा या नळ्या जास्त शिकवतात.

त्या वाचायच्या कशा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. प्रयोगशाळेत काम करणारे विद्यार्थी आणि त्यांना शिकवणारे शिक्षक डोळ्यांसमोर आहेत. घरच्या ओट्यावर करण्याचा हा प्रयोग नाही. संहत अमोनिया डोळ्यांना आणि श्वासनलिकेला गंभीर इजा करू शकतो.

सुरुवात अमोनियाच्या बाटलीपासून करू. तिच्यावर बऱ्याचदा ‘अमोनियम हायड्रॉक्साइड’ असं लिहिलेलं असतं आणि त्यामुळे मनात चुकीचं चित्र तयार होतं. बाटलीत मुख्यतः पाण्यात विरघळलेला अमोनियाच असतो. ०.१ मोलर द्रावण घेतलं, तर शंभर रेणूंपैकी जेमतेम एक रेणू पाण्याकडून प्रोटॉन घेऊन अमोनियम आयन बनतो आणि त्याच्या जोडीला एक हायड्रॉक्साइड आयन सुटा होतो. बाकीचे अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव रेणू अमोनिया म्हणूनच राहतात. तरीही एवढ्याशा हायड्रॉक्साइडमुळे द्रावणाचा पीएच ११ च्या आसपास जातो. म्हणजे आपण जेव्हा एक थेंब टाकतो, तेव्हा नळीत तीन पात्रं उतरतात: थोडं हायड्रॉक्साइड, पुष्कळ अमोनिया आणि अमोनियम. पहिलं तांब्याला खाली बसवतं. दुसरं तांब्याला द्रावणात धरून ठेवतं. तिसऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही. नळीत शेवटी काय दिसणार, हे बहुतेक वेळा ते तिसरंच ठरवतं.

प्रत्यक्ष कृती

मोरचूद म्हणजे पाच पाण्यांसह स्फटिकलेलं कॉपर सल्फेट. त्याचा रेणुभार २४९.७. अडीच ग्रॅम मोरचूद ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केलं की ते ०.१ मोलर होतं. बोअरचं किंवा नळाचं पाणी घेऊ नका. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे सुरुवातीपासूनच गढूळपणा येतो आणि पुढचं सगळं निरीक्षण बिघडतं. शेतीसाठी मिळणारं मोरचूदही टाळा, कारण त्यात लोह असू शकतं. दुकानातून आणलेलंच वापरायचं असेल, तर पुढे लोहाबद्दल लिहिलं आहे ते लक्षात ठेवा.

अमोनिया २ मोलर पुरे. २५ टक्के संहत अमोनिया साधारण १३ मोलर असतो. त्यातला १५ मिलिलिटर पाण्यात मिसळून १०० मिलिलिटर केला की काम भागतं. हे धूरपेटीत, चष्मा आणि हातमोजे घालून करा. एप्रिल-मे महिन्यांत संहत अमोनियाच्या बाटलीत दाब साठतो, म्हणून ती गारव्यात ठेवा, झाकण हळू सैल करा आणि तोंड बाटलीवर नेऊ नका. उलट जुनी, वारंवार उघडलेली बाटली निम्मी निकामी झालेली असते. लेबलवर २५ टक्के लिहिलेलं असलं तरी आतला अमोनिया केव्हाच उडून गेलेला असतो. तिसऱ्या विद्यार्थ्याचा अवक्षेप न विरघळण्यामागे हेच अगदी साधं कारण अनेकदा असतं. सत्राच्या सुरुवातीला बाटलीतल्या अमोनियाचं प्रमाणित आम्लाबरोबर एक अनुमापन करून घ्यावं. दहा मिनिटांचं काम आहे, पण फार थोड्या प्रयोगशाळा ते करतात.

आता परीक्षानळीत कॉपर सल्फेटचं ५ मिलिलिटर द्रावण घ्या आणि मागे पांढरा कागद धरा. ड्रॉपरने एकेक थेंब घाला, प्रत्येक थेंबानंतर नळी हलवा. पहिल्याच थेंबाभोवती निळसर गढूळपणा दिसेल. सात-आठ थेंबांपर्यंत तो वाढत जाईल आणि फिकट निळा, किंचित हिरवट झाक असलेला भरपूर अवक्षेप जमेल. त्यापुढे थेंब घालत राहिलात, की थेंब पडतो तिथे गर्द निळी रेघ उमटते, नळी हलवली की नाहीशी होते, मग हळूहळू टिकू लागते. हिशेबाने वीस थेंबांत एका तांब्यामागे चार अमोनिया पुरतात. प्रत्यक्षात द्रावण स्वच्छ व्हायला त्याहून बरेच जास्त थेंब लागतात. का लागतात, ते पुढे येईलच.

आधी अवक्षेपाकडे पाहू. वहीत सगळे ‘कॉपर हायड्रॉक्साइड’ लिहितात आणि तेवढ्यावर कुणाचे गुण कापू नयेत. पण सल्फेटच्या द्रावणात कमी अमोनियावर जे खाली बसतं, ते बहुतांशी आम्लारिधर्मी कॉपर सल्फेट असतं: चार तांबे, सहा हायड्रॉक्साइड आणि एक सल्फेट. हिरवट झाक तिथूनच येते. हाच पदार्थ निसर्गात ब्रोकँटाइट या हिरव्या खनिजाच्या रूपात सापडतो, आणि तांब्याच्या जुन्या छपरांवर चढणाऱ्या हिरव्या थरातही तो असतो. वर सात-आठ थेंबांत अवक्षेप पूर्ण होतो असं म्हटलं, त्यामागेही हेच प्रमाण आहे: एका तांब्यामागे दीड हायड्रॉक्साइड. शुद्ध कॉपर हायड्रॉक्साइड पाहायचं असेल, तर अमोनियाऐवजी कॉस्टिक सोडा वापरा. तो अवक्षेप स्वच्छ निळा येतो, सौम्य कॉस्टिकच्या जास्त प्रमाणात विरघळत नाही आणि गरम केल्यावर काळा पडतो, कारण त्यातलं पाणी निघून कॉपर ऑक्साइड उरतं. शेजारी-शेजारी दोन नळ्या ठेवून ही तुलना वर्गात एकदा जरूर दाखवावी. अवक्षेप हे आम्लारीचं काम आहे आणि तो विरघळणं हे अमोनियाचं खास काम आहे, हे त्याहून सोप्या रीतीने सांगता येत नाही.

गर्द निळ्यात काय असतं

पाण्यातला तांब्याचा आयन कधी एकटा नसतो. त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, चार जवळ आणि दोन लांब. ही ओढाताण यान–टेलर परिणामामुळे होते. तो सिद्धांत १९३७ मध्ये मांडला गेला. अमोनिया येतो तेव्हा तो त्या चार जवळच्या जागा एकेक करून घेतो. पहिल्या जागेसाठीचा समतोल स्थिरांक दहा हजाराच्या घरात, नंतरचे क्रमाने उतरत जाणारे आणि चौथ्याचा साधारण शंभराच्या घरात. चारही मिळून दहाचा बारावा-तेरावा घात. पाचवा अमोनिया पाण्यात मोठ्या मुश्किलीने जागा घेतो, सहावा तर द्रवरूप अमोनियाशिवाय जमतच नाही. हे टप्पे काटेकोरपणे मोजणारे डॅनिश रसायनतज्ज्ञ यानिक ब्येरुम यांचा प्रबंध १९४१ मध्ये कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध झाला. धातू आणि लिगँड यांच्यातले समतोल मोजण्याची पद्धत त्यानंतर मार्गी लागली.

इथे शिकवताना एक चूक सर्रास होते. फळ्यावर एकच समीकरण लिहिलं जातं: तांबं अधिक चार अमोनिया, बाणापलीकडे संकुल. विद्यार्थ्याला वाटतं, तांब्याजवळ एक तर चार अमोनिया असतात किंवा एकही नाही. प्रत्यक्षात मुक्त अमोनिया ०.०१ मोलर असेल, तर जवळपास निम्मं तांबं चार अमोनियांसह असतं आणि उरलेल्यातलं बरंचसं तीन अमोनियांसह. मुक्त अमोनिया ०.१ मोलर झाला, की नव्वद टक्क्यांहून अधिक तांबं चार अमोनियांच्या संकुलात जातं. ‘मुक्त’ हा शब्द महत्त्वाचा. आपण किती ओतला यापेक्षा तांब्याने आणि प्रोटॉनांनी घेतल्यावर किती उरला, हे मोजायचं.

रंगाचं कारणही याच अदलाबदलीत आहे. पाण्याने वेढलेला तांब्याचा आयन ८०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडे, प्रकाश शोषतो आणि तेही क्षीणपणे. म्हणून तो फिकट आकाशी दिसतो. अमोनिया पाण्याहून बलवान लिगँड. त्यामुळे शोषण ६०० नॅनोमीटरजवळ सरकतं, नारिंगी-पिवळा भाग गिळला जातो, शिवाय शोषणाची तीव्रता काही पटींनी वाढते. तांब्याचं प्रमाण तेवढंच असूनही द्रावण गर्द निळं, जांभळट झाक असलेलं दिसतं ते यामुळे.

या निळाईची नोंद फार जुनी आहे. आंद्रेयास लिबाव्हियस या जर्मन किमयागाराने १५९७ मध्ये, नवसागर आणि चुन्याची निवळी तांबेमिश्रित धातूच्या संपर्कात आल्यावर उमटणारा निळा रंग नोंदवला होता. नवसागर आणि चुना मिळून अमोनिया सुटतो, म्हणजे संयुग तेच. असे पदार्थ टिकतात कसे, याचं समाधानकारक उत्तर मात्र आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये दिलं, आणि १९१३ चं नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दल मिळालं.

दुर्लक्षित अमोनियम

आता तिन्ही नळ्यांचा उलगडा करू. कॉपर हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार साधारण दहाचा उणे विसावा घात आहे, म्हणजे अत्यंत लहान. ०.०५ मोलर तांब्याच्या द्रावणात पीएच पाचच्या जवळ गेला तरी अवक्षेपाची वेळ येते, म्हणून पहिला थेंब पुरतो. हा अवक्षेप निव्वळ अमोनियाने विरघळवायचा असेल, तर चार अमोनिया तांब्याला चिकटतात आणि दोन हायड्रॉक्साइड सुटे होतात. सुटे झालेले हे हायड्रॉक्साइड अभिक्रियेला मागे ढकलतात. हा विद्राव्यता गुणाकार आणि चारही अमोनियांचा एकत्रित स्थिरांक गुणले, की या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक जेमतेम एक कोटीतले दोन इतका येतो. ०.१ मोलर अमोनियात कॉपर हायड्रॉक्साइड एका लिटरला ०.०००२ मोलही विरघळत नाही. अवक्षेप धुऊन घेऊन त्यावर सौम्य अमोनिया ओतला तर तो हट्टाने तसाच पडून राहतो, ते याचमुळे.

आता त्यातच अमोनियम क्लोराईड, म्हणजे नवसागर, टाका. सुट्या होणाऱ्या हायड्रॉक्साइडला अमोनियम प्रोटॉन देतो, त्याचं पाणी होतं आणि अमोनियमचा अमोनिया होऊन तोही तांब्याच्या सेवेला हजर राहतो. आता समीकरण असं लिहायचं: कॉपर हायड्रॉक्साइड, दोन अमोनिया आणि दोन अमोनियम मिळून संकुल आणि पाणी. त्याचा स्थिरांक सहाशेच्या आसपास येतो. त्याच ०.१ मोलर अमोनियात ०.१ मोलर नवसागर असेल, तर ठोकळ हिशेबाने सुमारे शंभरपट अधिक तांबं विरघळतं. स्थिरांकांचे आकडे पुस्तकागणिक थोडे इकडे-तिकडे होतात, पण निष्कर्ष बदलत नाही.

म्हणून पहिल्या विद्यार्थ्याला अवक्षेप दिसला नाही. दुसऱ्या गटाच्या पद्धतशीर विश्लेषणात हायड्रोजन सल्फाइडने काळं कॉपर सल्फाइड खाली बसवतात, ते नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि मग अमोनिया घालतात. तिथे अमोनिया आधी आम्ल मारतो आणि त्यातून भरपूर अमोनियम नायट्रेट तयार होतं. अमोनियम हजर असल्याने हायड्रॉक्साइडचं प्रमाण दबलेलंच राहतं, अवक्षेपाला संधी मिळत नाही आणि द्रावण थेट गर्द निळं होतं. हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. वहीत ‘अवक्षेप आला नाही, आम्लयुक्त द्रावण असल्याने’ असं लिहावं. चांगला परीक्षक त्यावर खूश होईल. याच पायरीवर बिस्मथ असेल तर पांढरा अवक्षेप मागे राहतो आणि कॅडमिअम रंगहीन द्रावणात जातं. दुसऱ्या गटाची पुढची वाट इथेच फुटते.

तिसऱ्याच्या नळीत अमोनिया कमकुवत होता आणि जादा अमोनियम नव्हतं. त्याने चिमूटभर नवसागर किंवा अमोनियम सल्फेट टाकून पाहावं. द्रावण स्वच्छ झालं तर प्रश्न मिटला. तांबूस-तपकिरी कपटे उरले तर ते लोहाचं हायड्रॉक्साइड असणार. ते अमोनियात विरघळत नाही आणि गाळून काढावं लागतं. हिरवट अवक्षेपवाल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला बहुधा आम्लारिधर्मी सल्फेटच दिसलं, पण त्याच्या मोरचुदात लोह असेल तर निळ्यात पिवळसर-तपकिरी मिसळूनही तसंच दिसतं. दोहोंतला फरक जास्त अमोनिया घातल्यावर आपोआप कळतो.

याच तर्काने आणखी दोन छोटे प्रयोग करून पाहा, पुस्तकांत ते क्वचित दिसतात. गर्द निळ्या द्रावणाचे काही थेंब मोठ्या चंचुपात्रभर पाण्यात टाका. थोड्या वेळात निळसर ढग तयार होऊ लागतो. पाणी घातल्याने मुक्त अमोनिया कमी झाला, आणि संकुलात अमोनियाचा चौथा घात येत असल्याने ते भराभर मोडलं. दुसरा प्रयोग उलट दिशेचा. गर्द निळ्या द्रावणात सौम्य सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. रंग फिकट होतो, मध्येच अवक्षेप परत येतो, मग तोही विरघळतो आणि शेवटी मूळचं आकाशी द्रावण हातात येतं. आम्लाने अमोनियाचं अमोनियम केलं, तांब्याकडचे लिगँड संपले, पाणी पुन्हा जागेवर आलं. चारही अवस्था एकाच नळीत पुढे आणि मागे दिसल्या, की ले शातेलियेचं तत्त्व पाठ करावं लागत नाही. एकच काळजी घ्या: संहत आम्ल कधीही वापरू नका. नळी तापते आणि द्रावण उसळतं.

दुसऱ्या धातूंशी घोळ होऊ नये म्हणून एवढं पाहा. निकेलही आधी हिरवा अवक्षेप आणि मग जास्त अमोनियात निळं द्रावण देतं, पण त्या निळ्याला तांब्याची खोली नसते. शंका असेल तर डायमिथाइल ग्लायऑक्झिम घाला. निकेलचा लालभडक अवक्षेप चुकत नाही. तांब्याची खात्री करायला गर्द निळं द्रावण अ‍ॅसेटिक आम्लाने आम्लधर्मी करा आणि पोटॅशियम फेरोसायनाइड घाला. चॉकलेटी-लाल अवक्षेप आला की तांबं नक्की. आम्ल न घालता फेरोसायनाइड टाकणारे बरेच भेटतात, आणि मग अवक्षेप का येत नाही म्हणून विचारतात. अमोनियाने तांबं धरून ठेवलेलं असतं, ते आधी सोडवावं लागतं.

बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी

पितळेच्या विश्लेषणात अमोनिया किती घालावा, हा प्रश्न दरवर्षी पडतो. पितळ नायट्रिक आम्लात विरघळवून नायट्रोजनची ऑक्साइडं काढून टाकली, की सौम्य अमोनिया थेंबाथेंबाने घालायचा. निळसर गढूळपणा जेमतेम टिकू लागला की थांबायचं. मग अ‍ॅसेटिक आम्लाने तो गढूळपणा विरघळवायचा आणि त्यानंतर पोटॅशियम आयोडाइड. गर्द निळ्यापर्यंत गेलात तर घाईने भरमसाट अ‍ॅसेटिक आम्ल ओतून सुटका करून घ्यायचा मोह होतो. पण अ‍ॅसिटेटचं प्रमाण फार वाढलं की आयोडीन सुटायला वेळ लागतो आणि थायोसल्फेटचा अंत्यबिंदू आल्यावर स्टार्चचा निळा रंग पुन्हा परततो. नवा नमुना घेतलेला बरा.

टेट्राअमाईन कॉपर सल्फेटचे स्फटिक बनवणं हा पदवीच्या प्रात्यक्षिकातला सर्वांत देखणा भाग. पाच ग्रॅम मोरचूद साधारण ८ मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा, धूरपेटीत ८ ते १० मिलिलिटर संहत अमोनिया घाला. आधी आलेला अवक्षेप पूर्ण विरघळला, की वरून तेवढंच इथेनॉल काचकांडीच्या आधाराने हळू सोडा आणि ढवळू नका. भांडं बर्फात ठेवा. दोन थरांच्या सीमेवर जांभळट निळ्या सुया वाढू लागतात. अल्कोहोल आणि संहत अमोनिया समप्रमाणात घेऊन धुवा, शेवटी नुसत्या अल्कोहोलने. पाण्याने धुतलंत तर वर सांगितलेला विरलतेचा प्रयोग तुमच्या गाळणी कागदावर होईल आणि स्फटिक फिके पडतील. इथेनॉल ज्वालाग्राही असल्याने जवळ बर्नर नको. ओव्हनमध्ये वाळवू नका, अमोनिया उडून जातो. गाळणी कागदाच्या घड्यांत दाबून वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. हिशेबाने पाच ग्रॅम मोरचुदापासून ४.९ ग्रॅम स्फटिक मिळायला हवेत. पाचच्या वर मिळाले तर आनंदून जाऊ नका, ते ओले आहेत.

एक इशारा अगदी स्पष्ट द्यायला हवा. हे स्फटिक फक्त सल्फेटपासूनच करा. कॉपर नायट्रेट किंवा परक्लोरेटपासून मिळणारं कोरडं अमोनिया-संकुल स्फोटक असतं. आपल्याकडे सल्फेट संपलंय, नायट्रेट चालेल का, असं कुणी विचारलं तर उत्तर ‘नाही’ एवढंच द्यावं.

प्रयोगशाळेबाहेर

ही अभिक्रिया कारखान्यांत भरपूर भेटते आणि तिथे तिचा उपयोगही होतो, उपद्रवही. झुरिखमध्ये काम करणाऱ्या माटियास एडुआर्ड श्वाइत्सर यांनी १८५७ मध्ये दाखवलं, की कॉपर हायड्रॉक्साइड संहत अमोनियात विरघळवून केलेल्या द्रावणात कापूस विरघळतो. त्या द्रावणातून सेल्युलोज परत धाग्यासारखं ओढून क्युप्रा रेयॉन तयार होतो. जपानमध्ये बेम्बर्ग या नावाने तो आजही बनतो आणि कोटांच्या अस्तरासाठी वापरला जातो. अमोनियमचं गणित इथेही लागू पडतं. श्वाइत्सरच्या द्रावणाला हायड्रॉक्साइड हवं असतं, म्हणून त्यात अमोनियमचा क्षार चालत नाही. अवक्षेप आधी नीट धुऊन घ्यावा लागतो आणि अमोनिया संहतच लागतो. तुमच्या महाविद्यालयात कापूस विरघळत नसेल, तर धुण्यात कसूर झाली का आणि अमोनिया शिळा आहे का, हे दोन्ही तपासा.

उपद्रव सांडपाण्यात होतो. तांब्याच्या मुलाम्याचं काम करणाऱ्या किंवा सर्किट बोर्ड कोरणाऱ्या कारखान्याच्या पाण्यात अमोनिया असेल, तर चुना घालून पीएच वाढवला तरी तांबं बऱ्याचदा पूर्ण खाली बसत नाही. संकुलात ते आरामात विरघळून राहतं. अशा वेळी सोडियम सल्फाइड उपयोगी पडतं. कॉपर सल्फाइड इतकं अविद्राव्य आहे की अमोनियाचं संकुलही त्यापुढे टिकत नाही. पण सल्फाइड आम्लधर्मी पाण्यात पडलं तर विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो, त्यामुळे हे काम प्रशिक्षित माणसाचंच आहे.

धातूच्या रूपातलं तांबंही सुरक्षित नाही. अमोनिया, ओल आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले, की तांब्याचं हळूहळू ऑक्सिडीकरण होतं आणि ते संकुलात विरघळतं. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात तडे जात. घोड्यांच्या तबेल्यातला अमोनिया आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, या दोहोंचा तो परिणाम होता. अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहांत पाइप आणि झडपा पोलादी असतात, तांब्या-पितळेच्या नसतात, त्याचं कारणही हेच. घरात अमोनियायुक्त काचसफाईचं द्रावण असेल, तर पितळी समईवर ते फवारू नका. चिंच किंवा लिंबू-मीठ पुरेसं आहे.

शेवटी कचरा. तांबं जलचरांना फार विषारी असतं, म्हणून हे द्रावण मोरीत ओतायचं नाही. प्रयोगशाळेत ‘तांबं-अमोनिया’ असं लेबल लावलेला एक डबा ठेवा आणि सगळ्या नळ्या त्यात रिकाम्या करा. त्यात ब्लीच किंवा हायपोक्लोराइट कधीही पडू देऊ नका, कारण अमोनियाशी मिळून त्यातून विषारी क्लोरामाइन तयार होतात. डबा भरला, की धूरपेटीत सौम्य सल्फ्युरिक आम्ल हळूहळू घालून द्रावण फिकट निळं आणि स्पष्ट आम्लधर्मी करा, मग त्यात स्वच्छ लोखंडी खिळे टाकून एक-दोन दिवस ठेवा. खिळ्यांवर लालसर तांबं बसतं आणि निळा रंग जातो. वरच्या द्रावणाचे चार थेंब वेगळ्या नळीत घेऊन त्यात जास्तीचा अमोनिया घाला. निळसरपणा दिसला तर तांबं अजून शिल्लक आहे. दिसला नाही, नुसता मळकट हिरवा लोहाचा अवक्षेप आला, तर आम्ल सोड्याने मारून गाळ वेगळा करा आणि रासायनिक कचऱ्याच्या ठेकेदाराकडे द्या. खिळ्यांवरचं तांबं खरवडून धुवा, वाळवा आणि पुढच्या वर्गाला नायट्रिक आम्लाच्या प्रयोगासाठी ठेवा.